डाव्या हाताची गिटार

कोकणात किंवा मावळात भाताची कापणी चाललेली तुम्ही पाहिली असेल. माणसे ओळीने वाकलेली, सगळ्यांच्या उजव्या हातात विळे आणि डाव्या मुठीत भाताची ताटे. अशा ओळीत मध्येच एखादा डावखुरा गडी आला की ओळीची लय बिघडते. त्याचा विळा भलत्या बाजूने फिरतो, शेजारच्याला धाक वाटतो, आणि शेताचा धनी ओरडतो, "अरे, तू आपला त्या कडेला उभा राहा बघू!" विळ्याला लोहाराने दाते पाडलेले असतात तेही उजव्या हाताच्या हिशेबाने. बिचाऱ्याने करावे काय? एक तर हात बदलावा, नाही तर लोहाराकडे जाऊन आपल्यापुरता वेगळा विळा करून घ्यावा. तिसरीही एक वाट आहे. हात तोच, विळाही तोच, आणि कापायची तऱ्हा मात्र आपली आपण शोधून काढावयाची.

आज ज्या बाईची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे, तिने ही तिसरी वाट धरली. तिच्या हातात विळा नव्हता, गिटार होती. नाव एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेच्या दक्षिण भागात नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे, तेथल्या कारबरो या लहानशा गावी १८९३ च्या जानेवारीत तिचा जन्म झाला. गावाला लागूनच चॅपेल हिल हे विद्यापीठाचे गाव. मधून आगगाडीचा रूळ गेलेला.

तिचे घराणे काळ्या लोकांचे, नेव्हिल आडनावाचे. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली, म्हणजे या मुलीच्या जन्माच्या आधी अवघी अठ्ठावीस वर्षे. कायद्याने संपली एवढेच. काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या, आणि उशापायथ्याला असलेले ते विद्यापीठ तर त्यांना बंदच. त्या विद्यापीठाचे दार काळ्या विद्यार्थ्यांना उघडले ते १९५१ साली, आणि तेही न्यायालयाच्या हुकमाने. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे जे घडले त्याच्या मागे ही भिंत सतत उभी आहे.

घरातले हे पाचवे आणि शेवटचे अपत्य. आपल्याकडे जशी 'बाळी', 'छकुली' अशी नावे पडतात आणि तीच पुढे चालतात, तसेच तिचे झाले. घरात सगळे तिला 'धाकली' अशा अर्थाच्या लाडक्या नावाने हाक मारीत. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारले तेव्हा तिला सांगायला नावच नव्हते. मग तिने आपले आपणच ठरवले आणि सांगितले, एलिझाबेथ. हजेरीपटावर तेच चढले. शिक्षक मंडळींना या प्रसंगाची गंमत अधिक वाटेल. पहिलीच्या वर्गात नाव विचारल्यावर रडणारी मुले आपण रोज पाहतो. स्वतःचे बारसे उरकून घेणारी मुलगी क्वचितच भेटते.

सातआठ वर्षांची असताना तिच्या हाती बँजो आला. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बँजो नव्हे बरे का! आपला बँजो बटणे दाबून वाजवायचा, बुलबुलतरंगाच्या जातीचा. अमेरिकेतला बँजो म्हणजे लांब मानेचे, कातडे ताणून बसवलेले तंतुवाद्य. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आपल्या मुलखातल्या भोपळ्याच्या वाद्यांच्या आठवणीवर ते तिकडे घडवले. पाच तारांच्या बँजोत चार तारा लांब आणि पाचवी आखूड. ती सतारीच्या चिकारीसारखी अंगठ्याने मधून मधून छेडायची.

हा बँजो तिच्या थोरल्या भावाचा. तो कामावर गेला की धाकटी बहीण खोलीत शिरायची आणि बँजो काढून बसायची. तारा तुटायच्या, भाऊ यायच्या आत ती पसार व्हायची. मुलगी डावखुरी. तिने बँजो सहजच उलटा धरला. मान उजवीकडे, पेटी डावीकडे. डाव्या हाताने तारा छेडायच्या आणि उजव्या हाताने दाबायच्या. आता वाद्य आपले असते तर तारा काढून उलट क्रमाने बसवता आल्या असत्या. पण वाद्य चोरून घेतलेले. त्यातली एक खुंटी फिरली तरी भावाला पत्ता लागायचा! तेव्हा तारांना हात लावायची सोय नव्हती. जसे आहे तसे वाजवायचे. एवढ्याशा अडचणीतून पुढचे सगळे निघाले.

पुढे थोरला भाऊ घर सोडून गेला आणि बँजोही त्याच्याबरोबर गेला. इकडे नऊ वर्षांची झाली तेव्हा हिची शाळा सुटली आणि पुढे परक्यांच्या घरी भांडीकुंडी, झाडलोट सुरू झाली. महिन्याचा पगार जेमतेम डॉलरच्या घरातला. त्यातून पैसे साठवून पावणेचार डॉलरची एक गिटार घेतली गेली, 'स्टेला' बनावटीची. त्या काळात अमेरिकेत गिटारी कारखान्यात निघू लागल्या होत्या आणि गरिबाच्या आवाक्यात आल्या होत्या. एरवी मोलकरणीच्या हाती गिटार कुठून येणार? म्हणजे आता वाद्य स्वतःचे झाले. आता तारा उलट्या बसवायला कोणाची आडकाठी नव्हती. पण तोवर हाताला वळण पडून गेले होते. गिटारही तिने तशीच उलटी धरली.

हे उलटे धरणे म्हणजे नेमके काय, ते जरा बारकाईने पाहू. पुस्तिका क्षणभर मांडीवर ठेवा आणि उजवा हात पोटाशी आडवा धरा. अंगठा वरच्या अंगाला येतो, बाकीची बोटे खालच्या अंगाला. गिटारीला सहा तारा. नेहमीच्या रीतीने धरली तर जाड, खर्जाच्या तारा वर, म्हणजे हनुवटीच्या बाजूला येतात, आणि बारीक, उंच स्वरांच्या तारा खाली, मांडीच्या बाजूला. त्यामुळे काम आपोआप वाटले जाते. अंगठा जाड तारांवर खर्जाचा ठेका धरतो, बोटे बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. अंगठा खालच्या दिशेने मारतो, बोटे वरच्या दिशेने ओढतात. गिटार घडवणाऱ्याने हेच गृहीत धरलेले असते.

आता तीच गिटार तारा न बदलता उलटी करा. बारीक तारा वर गेल्या, जाड खाली आल्या. डाव्या हाताचा अंगठा पडतो तो बारीक तारांवर, आणि बोटांखाली येतात जाड तारा. म्हणजे चाल वाजवायची ती अंगठ्याने आणि ठेका धरायचा तो तर्जनीने. एकटा जाडजूड अंगठा, त्याने नाजूक चाल वाजवायची! आणि खर्जाचा भार उचलायचा तर्जनीने, क्वचित मधल्या बोटाच्या मदतीने. घरातल्या कर्त्या माणसाने रांगोळी काढावी आणि पोरीने मोट हाकावी, तशातला प्रकार. तिकडे उजव्या हाताचीही तीच गत. स्वरमेळासाठी तारा दाबायचे जे ठरीव आकार असतात ते सगळे उलटेपालटे होतात. कोणाचे पाहून शिकावे म्हटले तर काही उपयोग नाही. प्रत्येक आकार नव्याने शोधावा लागतो.

पण ऐकणाऱ्याला यातले काही कळत नाही. त्याला कळते एवढेच, की हिची गिटार इतरांसारखी वाजत नाही. अंगठ्याचा आघात बोटाच्या आघाताहून भरीव, म्हणून तिची चाल ठसठशीत उमटते. तर्जनीने वरच्या दिशेने ओढलेला खर्ज जोराने आदळत नाही, तो एका तारेवरून दुसऱ्या तारेवर हलकेच झुलत राहतो. रुळांच्या सांध्यांवरून गाडीची चाके जातात तेव्हा जी लय ऐकू येते, तसा. जाणकारांनी पुढे या तऱ्हेला तिच्या आडनावावरून 'कॉटन-पिकिंग' असे नावच दिले. या नावात एक श्लेष आहे, तो म्हणजे कापूसवेचणी. दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या जे काम आले, त्याचा.

डावखुरे वादक दुसरे झाले नाहीत असे मुळीच नाही. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी डावखुरा; त्याने तारा उलट्या क्रमाने बसवून घेतल्या. जिमी हेन्ड्रिक्स, हाही कोणाकडे रीतसर न शिकलेला. तो उजव्या हाताची गिटार उलटी धरी, पण तारा आपल्या सोयीने फिरवून लावी. म्हणजे लोहाराकडून वेगळा विळा करून घेणारे हे दोघे. तारांना हात न लावता वाजवणारेही थोडे आहेत, ब्लूज गाणारा आल्बर्ट किंग त्यांपैकी एक. परंतु एकाच वेळी ठेका आणि चाल, दोन्ही या उलट्या तारांवर सांभाळून इतके हळुवार वाजवणारी कॉटन एकटीच, असे मला वाटते.

मी स्वतः जन्माने डावखुरा. पहिलीत असताना पाटीवर डाव्या हाताने 'ग' काढला की पट्टी बोटांवर बसायची. गुरुजी प्रेमळ होते. पण डाव्या हाताला प्रसाद घेत नाहीत, मग सरस्वती तरी कशी घ्यावी, असा त्यांचा सरळ हिशेब. वर्षभरात हात बदलला. आज मी उजव्या हाताने लिहितो आणि माझे अक्षर माझ्या विद्यार्थ्यांना लागत नाही. तेव्हा या बाईच्या बाबतीत माझा थोडा पक्षपात होत असेल तर तो माफ करा.

ती अकरा-बारा वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. घराजवळून मालगाड्या जात. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचा आवाज ऐकू येई. या वयात तिने एक गाणे रचले, 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी. चाल अगदी साधी, कोणीही गुणगुणावी अशी. परंतु शब्दांत मात्र मरणाचा विषय आहे. मेल्यावर मला अशा जागी पुरा की जिथून गाडीचा आवाज ऐकू येईल, अशा अर्थाचे काहीतरी. बारा वर्षांच्या पोरीला मरण का सुचावे? ज्या घरांतून माणसे लवकर जातात तेथल्या मुलांना ते सुचते. आपल्या ओव्यांतून काय कमी येते?

पुढे ती चर्चमध्ये जाऊ लागली, तेव्हा तेथल्या वडीलधाऱ्यांनी बजावले, की देवाची गाणी आणि ही प्रपंचाची गाणी एकत्र चालणार नाहीत. १९१० मध्ये, सतराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. कॉटन हे सासरचे आडनाव. एक मुलगी झाली. संसार, मोलमजुरी, चर्च. गिटार बाजूला पडली ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ. क्वचित कधी चर्चमध्ये वाजवली असेल तेवढीच. या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही, आणि हेच वाईट आहे. घरकाम करणाऱ्या बाईच्या पंचवीस वर्षांची नोंद कोण ठेवतो?

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरची गोष्ट. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती मुलीबरोबर वॉशिंग्टनला राहायला आली होती. पन्नाशी उलटलेली. एका मोठ्या दुकानात बाहुल्या विकण्याच्या कामावर असताना तेथे एक लहान मुलगी आईपासून चुकली. कॉटनबाईंनी तिला सांभाळून आईच्या हवाली केले. (आता या वयाला त्यांना 'ती' म्हणवत नाही.) मुलीचे नाव पेगी सीगर. आई रूथ क्रॉफर्ड सीगर, स्वतः नामांकित संगीतरचनाकार. वडील चार्ल्स सीगर, संगीतशास्त्राचे पंडित. आपल्या शाळांतून 'हम होंगे कामयाब' हे गीत म्हणतात ना, ते ज्या इंग्रजी गीतावरून आले ते जगभर पोचवणाऱ्यांत पीट सीगर हा एक मोठा गायक होता. तो याच चार्ल्स सीगरचा आधीच्या लग्नाचा मुलगा. म्हणजे बाई चुकून पोचल्या त्या लोकगीतांच्या थेट माहेरी. रूथबाईंनी त्यांना घरकामाला ठेवून घेतले. शनिवारी यायचे, स्वयंपाक, धुणे, इस्त्री करायची. मुलांनी त्यांचे नाव केले 'लिबा'.

त्या घरात भिंतीवर पेगीची गिटार टांगलेली असे. एके दिवशी घरात कोणी नाही असे पाहून लिबांनी ती काढली आणि वाजवली. पन्नास वर्षांपूर्वी भावाच्या खोलीत जे केले तेच पुन्हा! या खेपेला मात्र त्या सापडल्या. मुलांनी दारातून पाहिले आणि ती थक्क झाली. गिटार उलटी, अंगठा चाल वाजवतोय, आणि गाणी अशी की जी त्यांचे पंडित आईवडील पुस्तकांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून धुंडाळीत होते. ती गाणी शेजारच्या खोलीत इस्त्री करीत उभी होती!

यापुढचा भाग सांगताना राग येतो. पेगी मोठी होऊन स्वतः गायिका झाली आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला इंग्लंडला गेली. तेथे तिने मालगाडीचे गाणे म्हटले. लोकांना ते आवडले, एकाकडून दुसऱ्याकडे गेले. आणि पाहता पाहता दोन इंग्रज गीतकारांनी ते आपल्या नावावर नोंदवले. १९५७ साली तिकडच्या एका संगीतमंडळाने वाजवलेली त्याची तबकडी खपाच्या यादीत पहिल्या पाचांत जाऊन बसली. आणि ज्या बाईने ते गाणे बारा वर्षांच्या वयात रचले, ती वॉशिंग्टनमध्ये धुणी धूत होती. सीगर मंडळींनी पुढे वकील लावून भांडण केले, तेव्हा कुठे कॉटनबाईंचे नाव श्रेयात आले.

येथे थोडे थांबून एक शंका काढली पाहिजे. काही जण म्हणतील, बघा, शाळा सुटली, गुरू मिळाला नाही, म्हणूनच ही आगळी कला जन्माला आली. मला हे म्हणणे अर्धेच पटते. तिला कोणी पट्टी मारून हात बदलायला लावला नाही, हे खरेच भाग्याचे. परंतु नवव्या वर्षी शाळा सुटली हे काही भाग्य नव्हे, आणि पंचवीस वर्षे गिटार बंद राहिली त्यात कलेचे काय भले झाले? तिच्या कानावर घरच्यांची, गावची गाणी पडत होती. तोच तिचा गुरू. नुसत्या अडाणीपणातून कला उगवत असती तर आपल्या खेड्यांतून गल्लीगल्लीला कलावंत निघाले असते. मिळालेले वाद्य आणि मिळालेला हात, दोहोंपैकी एकालाही न मोडता मधली वाट काढीत बसण्याएवढी जिद्द तिच्यापाशी होती, आणि तेवढी कळ काढायला एक रिकामी खोली होती.

असो. पेगीचा भाऊ माइक सीगर याने ध्वनिमुद्रणयंत्र बाईंच्या घरी नेले आणि तेथेच, नातवंडांच्या गलक्यात, गाणी मुद्रित केली. १९५८ साली फोकवेज कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. बाईंचे वय तेव्हा पासष्ट! आपल्याकडे या वयाला सरकारी नोकर निवृत्त होऊन काशीयात्रेची बोलणी करीत असतो. १९६० च्या सुमारास त्या प्रथमच श्रोत्यांसमोर बसल्या, १९६४ साली न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवात वाजवले. तरी घरकाम लगेच सुटले नाही. गाण्यावर पोट भरेल याची खात्री पटायला आणखी काही वर्षे गेली. १९६७ साली निघालेल्या एका तबकडीत तर पणतवंडांनी रचलेली कडवी आहेत. बाईंनी चाल धरली आणि मुलांनी रोज एकेक कडवे जोडले. आजीच्या ओवीला नातीने ओवी जोडावी, तशी.

मग तरुण मुले त्यांच्यापाशी शिकायला येऊ लागली, आणि मोठी पंचाईत झाली. उजव्या हाताचा विद्यार्थी समोर बसला तर त्याला त्यांचे हात आरशात दिसावे तसे दिसत. पण आरशानेही भागत नव्हते, कारण तारांचा क्रम उलटा. शेवटी ज्याने त्याने डोळे मिटून कानाने ऐकावे आणि आपल्या बोटांनी ती चाल शोधावी, हाच मार्ग उरला. त्यांची 'मालगाडी' आज जगभर गिटार शिकणाऱ्यांच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत असते. बहुतेक सगळे ती सुलट हातांनी वाजवतात. जे काम लिबांचा अंगठा करी ते यांची बोटे करतात. स्वर तेच येतात. वजन तेवढे येत नाही.

१९८४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कला-संस्थेने त्यांना लोककलावंतांसाठीचा मोठा सन्मान दिला. पुढल्याच वर्षी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांच्या मैफलीच्या तबकडीला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २९ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरी त्या वारल्या. २०२२ साली रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव घेतले गेले, आद्य प्रेरणास्थानांपैकी एक म्हणून. लहानपणी ज्या गावात त्यांनी दुसऱ्यांची भांडी घासली त्या कारबरोत सायकलवाल्यांसाठी एक रस्ता आहे, त्याला लिबा कॉटन यांचे नाव दिले आहे. तो रस्ता आगगाडीच्या रुळाच्या कडेकडेने जातो.